घोंगडीची पट्टी

"भुताला ब्रेक नसतो वहिनी, जीपला असतो," म्हस्कू म्हणाला आणि त्यानं बॉनेट वर केलं.

गिताबाई हातात नारळ घेऊन उभ्या होत्या. आमच्या गावात गाडी बिघडली की एक जण मिस्त्रीकडं धावतो, दुसरा देवऋषीकडं. गिताबाईंनी दोन्ही केलं होतं. बंपरला लिंबू लटकत होतं, बॉनेटमध्ये म्हस्कू.

तीन वर्षांपूर्वी त्यांचे मालक, सोपानराव, वरवंडच्या अलीकडं कॅनॉलच्या वळणावर गेले. दिवेलागणीची वेळ. उसाची ट्रॉली रस्त्यातच उभी, मागं ना दिवा ना लाल कागद. जीप मागून घुसली. पत्रा ठोकून आणलेली जीप मग गोठ्यात ताडपत्रीखाली पडून होती. यंदा दिवाळीला लेक पूनमनं ती बाहेर काढली, कुरकुंभच्या कंपनीतल्या आठ बायका नेण्याआणण्यासाठी. दिवसा जीप गुणाची. संध्याकाळी मात्र नेमक्या त्या वळणावर दिवे समईसारखे मंद व्हायचे, वळण सरलं की पुन्हा उजळायचे. बायकांनी काल निक्षून सांगितलं, "उद्या परत झालं तर परवापास्नं आमी न्हाई बसायच्या बाई." म्हणजे आजच्या संध्याकाळवर पूनमचा सगळा धंदा टांगलेला.

"पन मामा, तितंच का?" पूनमनं विचारलं.

"तितं समदेच हळू व्हतात. इंजन मंदावतं, ब्रेकचं दिवं लागत्यात, वर तू भ्यालेली, हॉर्नवरला हात काढत न्हाईस. दिव्यांनी खायाचं काय?"

"बॅटरी तर नवी हाय."

"बॅटरी म्हंजी कणगी. नुसती कणगी नवी घिऊन काय करती? दाना पडाया पायजे ना."

गावात भूत न मानणारा म्हस्कू एकटाच. त्याच्या आज्याची मेंढरं होती. मेंढरं गेली, घोंगड्या उरल्या. काही खडखडलं, सैल झालं की म्हस्कू घोंगडीची पट्टी फाडतो, आत कोंबतो आणि वरून तार आवळतो. निम्मी पंचक्रोशी त्याच्या आज्याच्या घोंगडीवर चालते, असं मीच त्याला चिडवायचो.

त्यानं फॅनचा पट्टा दाबून पाहिला. ताठ होता. मग मीटरच्या सुया वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरला लावल्या, नंतर बॅटरीला.

"तितनं चौदा व्होल्ट निगत्यात, हितं बाराच पोचत्यात. मधी कुनीतरी खातंय."

मला ग्रामपंचायत आठवली.

म्हस्कूनं एक जाड वायर घेतली. एक टोक इंजिनाला टेकवलं, दुसरं गाडीच्या सांगाड्याला, चासीला. दिवे असे भपकन उजळले, की समोरच्या भिंतीवर लिंबाचीसुद्धा सावली पडली.

"अर्थिंग!" तो हसला. "करंटची परतीची वाटच सैल हाय. बोलवा तुमच्या देवऋषीला. मास्तर, उजेड धरा."

तो जीपखाली सरकला.

"काय घावलं रे?" मी विचारलं.

मी वाकून टॉर्च मारला. इंजिनाची अर्थिंगची तांब्याची पट्टी चासीला बसते, तिथला नटच नव्हता. पट्टी तारेनं बांधलेली. तारेखाली तेलानं कडक झालेलं काहीतरी काळं. लोकर.

म्हस्कू उताणा पडून त्याकडंच बघत होता.

"माज्याकडं नट न्हवता त्या सांजंला," तो हळूच म्हणाला. "आजच्यापुरतं भागव म्हनलं सोपानला. उद्या ये, नीट करून देतो."

"कवा?"

"गेला त्याच्या आदल्या दिशी."

तीन वर्षं गावानं ट्रॉलीवाल्याला शिव्या घातल्या. सगळ्यांत जास्त म्हस्कूनं.

त्यानं तांब्याची पट्टी घासून लख्ख केली, नवा नट बसवला. आवळला. पुन्हा आवळला. बाहेर आला आणि परत आत जाऊन आवळला.

दिवेलागणीला आम्ही निघालो. पूनम चालवत होती, शेजारी म्हस्कू, मागं गिताबाई आणि मी. पाचट जाळल्याचा धूर कॅनॉलवर साचला होता. वळण आलं. पूनमनं ब्रेक दाबला, हॉर्न वाजवला. दिवे ढळले नाहीत. रस्ता, कठडा, कठड्यावरचा जुना ओरखडा, सगळं स्वच्छ दिसलं.

"आई, बघ! गेलं!"

"थांबीव पोरी," म्हस्कू म्हणाला. खिशातून घोंगडीची पट्टी काढून त्यानं मागं न बघता गिताबाईंच्या हातात दिली. "वहिनी, ह्ये हाय तुमचं भूत. माजं हाय."

गिताबाईंनी पट्टी बोटांनी चाचपली.

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "सांगितलं व्हतं त्यांनी. सकाळी तुज्याकडंच निगाले व्हते. मीच म्हनले, आज तळेगावचा बाजार हाय, आदी बाजाराला जाऊन या. दिवं काय, उद्या बी व्हतील."

नारळ त्यांच्या मांडीवर तसाच होता. पूनमचे हात स्टिअरिंगवर. पुढं दिवे लख्ख जळत होते, आणि म्हस्कूनं डोळे मिटून घेतले होते.

"चल," शेवटी गिताबाईच म्हणाल्या, "बाया खोळंबल्या असतील." पट्टी त्यांनी पदराच्या टोकाला बांधली.

दुसऱ्या दिवसापासून आठी जणी जीपमध्ये बसू लागल्या. गावानं श्रेय लिंबाला दिलं. म्हस्कूनं हरकत घेतली नाही. फक्त आता तो कुणाची गाडी अर्ध्यावर सोडत नाही. "आजच्यापुरतं भागव" म्हटलं, की चावी काढून खिशात घालतो. चालत जावं लागतं म्हणून लोक वैतागतात. म्हस्कूला भूत लागलंय, म्हणतात.

गावाचं निदान पहिल्यांदाच बरोबर निघालं.