एका विहिरीवर दोन बागा

दोष कॉम्प्युटरचा होता का, असं कुणी विचारलं तर मी सरळ नाही म्हणते. त्या बिचाऱ्याला जे सांगितलं ते त्यानं खरं धरलं. खोटं बोलणारे आमच्या घरातले होते.

चोपड्याकडं आमचं गाव. सासरे गेले, जमिनीचे दोन वाटे झाले, विहीर तेवढी सामाईक राहिली. एक दिवस पाणी आमचं, एक दिवस दिराचं. त्या पाळीवरून माझे मालक जीवन आणि धाकटा दीर प्रेमराज असे भांडले, की रस्त्यात समोर आले तर मान फिरवायचे. मी आणि जाऊ रूपा तेवढ्या चोरून बोलायचो.

मागच्या साली शेतकरी कंपनीचा स्वप्नील टॅब घेऊन घरोघर फिरला. धुळ्याला शिकलेला, गरीब स्वभावाचा पोरगा. माती, पाणी, बाजारभाव बठ्ठं कॉम्प्युटरमध्ये भरायचं, मग तो सांगणार कुणी किती केळी लावायची, किती मका, किती हरभरा. पाण्याचं विचारलं तसे आमचे मालक छाती काढून म्हणाले, "बठ्ठी हिर मनी शे." म्हणजे सगळी विहीर माझीच.

"अहो, निम्मी सांगा," मी आतून म्हटलं. त्यांनी असं बघितलं की मी चुलीकडं वळले. नंतर रूपा म्हणाली, तिच्याकडंही हेच झालं, शब्दसुद्धा तेच. सख्खे भाऊ ना.

कॉम्प्युटरनं दोन्ही घरांना केळीच दिली. शेजारी प्रेमराज केळी लावतोय हे आमच्या मालकांना दिसत होतं. म्हणाले, "लावू दे. पाणी कुठून आणतो तेच बघतो." तिकडं तोही तेच म्हणत असणार.

चैत्रात दोन्ही बागा निसवल्या, घड बाहेर पडले, आणि विहीर तळाला गेली. मोटर जरा चालली की हवा ओढायची. मग मीच स्वप्नीलला बोलावलं. बांधावर उभं करून म्हटलं, "दादा, विहीर एकच आहे. आता विचार तुझ्या कॉम्प्युटरला."

पोराचं तोंड उतरलं. तिथंच बसून त्यानं नव्यानं सगळं भरलं. मग मान खाली घालून म्हणाला, "काकू, पाणी वाटून घेतलं तर दोन्ही बागा जातील. एकच जगेल. त्यांचे घड भरलेत, तुमचे बारीक आहेत. तुमची बाग काढा, पाणी त्यांना द्या. पैसा आला की निम्मा निम्मा करा."

हे मी घरी सांगितलं. मालक ताटावरून उठले. हात धुताना म्हणाले, "मी हात लावणार नाही." लावू नकोस असं मात्र म्हणाले नाहीत. इतक्या वर्षांच्या संसारात मला तेवढं कळतं.

सकाळी मी कोयता घेतला. पोटच्या पोरासारखी वाढवलेली बाग, केळीचा एकेक खांब आडवा करत गेले आणि रडत गेले. मालक बांधावर पाठ करून बसले होते, पण मला अडवायला उठून आले नाहीत. तो माणूस जन्मात पहिल्यांदा भावापुढं नमला होता. संध्याकाळी मी रूपाला निरोप धाडला, आमच्या पाळीचं पाणीही तुम्हीच घ्या.

दुसऱ्या दिवशी मोटरचा आवाज नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. जीव राहीना, म्हणून मी विहिरीवर गेले. स्टार्टरच्या पेटीला कुलूप, आणि किल्ली मुठीत धरून प्रेमराज शेजारी बसलेला. रूपा हातापाया पडून थकली होती.

"भाऊ, मोटर चालू करा," मी म्हटलं. "तुमची बाग जळतेय."

"जळू द्या, वहिनी. दादानं स्वतःची तोडली म्हणून माझी जगली, हे गाव मला मरेपर्यंत ऐकवेल. मला त्याचे उपकार नकोत." मग विहिरीकडं बोट करून म्हणाला, "दादाले सांगा, बठ्ठी हिर त्यानीच शे."

मी संतापून नको नको ते बोलले. स्वप्नीलही येऊन समजावून गेला. कुलूप काही निघालं नाही.

रूपाची बाग उभीच्या उभी वाळली, घड काळे पडून लोंबतायत. आमच्या वावरात नुसते बुडखे आहेत. मालक रोज सकाळी विहिरीवर जातात, आत वाकून बघतात आणि घरी येतात. उपसा नाही, त्यामुळं आता विहिरीत पुरुषभर पाणी साठलंय.