देवमनचा उजवा हात

मित्रांनो, मी एक जुना प्लास्टिकचा हात आहे. जऊळक्याच्या देवमनचा उजवा. त्याचा स्वतःचा हात सोयाबीनच्या मळणीयंत्रात कोपराखाली गेला, तेव्हा त्याची लेक निकिता दहावीत होती. तिनेच अर्ज भरला, बापाला फुकट कृत्रिम हात बसवण्याच्या शिबिरात नेले आणि मला घरी आणले. मी गोरापान आणि देवमन काळासावळा, जोडी काही शोभेना! तरी शिबिरात फोटो निघाले, टाळ्या पडल्या. मला फार अभिमान वाटला.

पण माप घेतले तेव्हा जखम नुकतीच भरली होती. वर्षभरात त्याचा उरलेला हात वाळला आणि मी ढिला झालो. घामाने घसरायचो, कातडी सोलायचो. नवे माप घ्यायला कोणी फिरकले नाही. मी भिंतीवर लटकलो. पुढे निकिता शिकायला नागपूरला गेली. फक्त ती सुट्टीत यायची तेव्हा देवमन आत चिंध्या कोंबून मला चढवायचा आणि तिला घ्यायला स्टेशनवर जायचा.

त्याची बायको रत्नमाला चिडायची. "कायले घालता? रगत येऊन राह्यलं!"

"पोरीनं आनला हाय. तिले वाईट वाटन."

यंदा निकिताला बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या पीएचडीला प्रवेश मिळाला. कोर्सवर्कला कोणते विषय घ्यायचे, याचा आराखडा करायला ती दहा दिवस घरी आली. पहिलाच विषय होता मेंदूच्या इशाऱ्यावर चालणारा हात.

"बाबा, नुसतं मनात आनलं का बोटं हालतीन!"

देवमन कौतुकाने ऐकत बसायचा. लांब बाह्यांचा सदरा घालून त्याने मला दिवसरात्र अंगावर ठेवले. त्याला साखरेचा आजार. आत जखम चिघळत होती आणि ती मीच करत होतो. मला तोंड असते तर ओरडलो असतो.

नवव्या दिवशी त्याला ताप चढला. रत्नमालाने माझे पट्टे सोडले, तेव्हा घरभर वास सुटला. अकोल्याला डॉक्टरांनी कोपरासकट हात काढला.

निकिताने दवाखान्यातच तो पहिला विषय खोडला. तिथे लिहिले, कातडी आणि जखमा. त्याखाली, मापे.

"बाबा, दुखते हे मले काहून नाही सांगतलं?"

"तू खुश होती ना, माय."

ती तोंड फिरवून रडली. मला अडकवायला आता कोपरही उरलेले नाही.

मित्रांनो, कोणाला माझ्यासारखा हात दिलात तर फोटो खुशाल काढा. पण वर्षभराने पुन्हा त्याच्या घरी जा, पट्टा सोडा आणि आत बघा. तो हसत असला तरी बघा.