उत्तरासाठी सोडलेल्या दोन ओळी

या, असे जवळ सरकून बसा. एक गोष्ट सांगतो. देवानं कान दिलेत, ते आज घटकाभर मला द्या. गोष्ट माझीच आहे, म्हणून अडखळेन, सांभाळून घ्या.

मी चौथीचा मास्तर. माझ्या वर्गात एक रीत होती. वहीचं शेवटचं पान अभ्यासाचं नाही, तिथं पोरांनी मनात येईल ते मला लिहायचं. कुणाची मांजर हरवलेली, कुणाचे आईबाप भांडलेले. मजकुराखाली दोन ओळी मोकळ्या सोडायच्या, माझ्या उत्तरासाठी. वह्या तपासायला घेतल्या की मी आधी तेच पान उघडायचो.

मग टॅब आले. बत्तीस मुलं, बत्तीस टॅब. खोटं कशाला बोलू, मी हरखलो. मान मोडून तपासणं संपलं. उत्तर बरोबर आलं की हिरवं, चुकलं की लाल. मला बघायचंही काम नाही. आकडेमोड म्हटली की पोट दुखणारा एक पठ्ठ्या तर सुट्टीतही जागचा हलेना. वह्या बंद झाल्या, फळा बहुतेक वेळ कोरा राहू लागला.

दुसऱ्या बाकावर एक मुलगी बसायची. घरी ती आणि आई; आई शिलाईच्या कारखान्यात. ही पोर टॅबवर दोन बोटांनी अक्षरं ताणताणून भोपळ्याएवढी करायची. पोरांनी नाव ठेवलं, आजीबाई.

"काय आजीबाई, चष्मा घरी विसरलात वाटतं?" एकदा मीही म्हणालो. वर्ग खो खो हसला. तीही हसली.

मार्क मात्र पैकीच्या पैकी. मी मोठ्या बाईंना कौतुकानं दाखवायचो, "बघा, हिचं कधी लाल येतच नाही."

वह्या बंद झाल्या तरी ती दर शनिवारी आपली वही माझ्या टेबलावर ठेवायची.

"अगं, आता कशाला ही?"

"असू दे ना, सर."

मी ती कपाटात सारायचो. सोमवारी ती आपली आपण काढून न्यायची. मी ती वही उघडली नाही. एकदाही नाही.

एका शनिवारी वही ठेवून ती बाहेर पडली आणि भर उजेडात व्हरांड्याच्या खांबावर आदळली. सोमवारी ती आली नाही. आठवड्यानं आई आली, कारखान्याच्या कपड्यांतच.

"डोळ्यांत दाब वाढला होता म्हणे, सर. आतली शीर सुकली. डॉक्टर मलाच ओरडले, इतके महिने तुम्हाला कळलं कसं नाही? मी म्हटलं, अहो, पोरीला पैकीच्या पैकी मार्क आहेत!" अंगावरचा एक दोरा ती बोटाला गुंडाळू लागली. "वेळेवर आणली असती तर नजर वाचली असती, म्हणाले. आता नुसता उजेड कळतो तिला."

तिनं मला एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

ती गेल्यावर मी कपाट उघडलं. वही तिथंच होती. शेवटचं पान भरल्यावर ती मागून पुढं एकेक पान लिहीत आली होती.

'सर, फळ्यावर धुकं दिसतं.' खाली दोन ओळी मोकळ्या.

'सर, टॅबवर मोठं करून वाचते. आईला सांगू का? तिचा खाडा होईल.' दोन ओळी मोकळ्या.

पुढं पुढं अक्षर मोठं होत गेलेलं, ओळी सोडून भरकटलेलं. शेवटी अख्ख्या पानावर चारच शब्द: 'सर, तुम्ही रागावलात का?'

त्याखालीही तिनं जागा सोडली होती.

देवा, मी पेन हातात घेतलं. पण लिहायचं कुणासाठी? ती वाचणार कशी?

तसाच तिच्या घरी गेलो. टॅब मांडीवर घेऊन ती ऐकत बसली होती. तो आता तिला धडे वाचून दाखवतो. जो आपटून फोडावासा वाटतो, त्याच्यावाचून तिचं पान हलत नाही. माझ्या राग-लोभाचं काय घेऊन बसलात!

"मी रागावलो नव्हतो गं," एवढंच कसंबसं म्हणालो.

तिनं मान हलवली. मग काचेवर बोटं फिरवत विचारलं, "सर, यात शेवटचं पान कुठं असतं?"



तेव्हा मायबापहो, आज देवापुढं हात जोडाल तेव्हा स्वतःसाठी मागून झाल्यावर क्षणभर थांबा, आणि माझ्या आजीबाईची आठवण काढा.