मॉटच्या गळ्यात दोरी

"इथं ही रेघ वाकडी का केलीस?" मी नकाशावर बोट ठेवून विचारलं.

एलेरीनं, माझ्या लेकीनं, चहा ओतायचं निमित्त करून तोंड फिरवलं. रविवारी फिरायला जायची वाट ती ठरवत होती. चर्चपासून टेकडीवर चढायचं, पलीकडे उतरून समुद्र गाठायचा. ओहोटी कधी ते तिनं बघून ठेवलं होतं. मे लागला की त्या पुळणीवर कुत्र्यांना बंदी, म्हणून एप्रिलातच उरकायचं होतं. आमचा कुत्रा मॉट आता म्हातारा. कुंपणावरच्या पायऱ्या त्याला चढवत नाहीत, तर फाटकं कुठं कुठं आहेत तेही तिनं शोधलं होतं. पोरगी हुशार आहे, माझ्यावर गेलीय. फक्त टेकडीच्या अंगाला तिची लाल रेघ पायवाट सोडून डांबरी रस्त्यानं लांब वळसा घालत होती. त्या वळशाच्या आत आमचं शेत. म्हणजे गेल्या हिवाळ्यात विकेपर्यंत आमचं होतं.

"कोकरांचे दिवस आहेत, आई. तिथून जायचं तर मॉटला दोरी बांधावी लागेल. तुला बघवेल?"

मॉटच्या गळ्यात जन्मात दोरी पडली नव्हती. मेंढ्या वळणाऱ्या कुत्र्याला दोरी बांधायची म्हणजे पाद्र्याला प्रार्थना शिकवायची. माझा नवरा इडवाल गेल्यावर सगळा कळप आम्ही दोघांनीच सांभाळला, मी आणि मॉटनं. मी शीळ घालायची आणि त्यानं पळायचं.

"रेघ सरळ कर," मी म्हटलं. "मी काय तिथून चोरी करून निघालेय?"

रविवारी वारा असा होता की एलेरीची टोपी दोनदा उडाली. मॉट पुढं पुढं, दम लागला की उगाच वास घेत थांबायचा. मीही त्याच्यासाठी थांबायची.

फाटकाशी येस्टिन होता. शेत त्यानंच घेतलं. बाटलीनं कोकराला दूध पाजत होता. शेजारी फाटकाच्या खांबावर पाटी: कोकरं आहेत, कुत्रा दोरीला बांधा, नाहीतर परत जा. अक्षरं माझ्या हातची. तिरकी आहेत, पण वाचता आली नाहीत असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. एकदा शहरातला एक बडा डॉक्टर त्याचं केसाळ कुत्रं मोकळं घेऊन आला होता. मी कोण आहे माहीत आहे का, म्हणाला. मी म्हटलं, मला माहीत आहे, मेंढ्यांना नाही. गेला आल्या वाटेनं.

येस्टिननं आम्हाला पाहून फाटक सताड उघडलं. "काकू, तुमच्या मॉटला कसली दोरी? ह्या मेंढ्यांच्या आयांनासुद्धा त्यानंच वळलंय. जा तसेच."

एलेरीचा जीव भांड्यात पडला. मी जागची हलले नाही.

"पाटी उतरवलीस का?"

"नाही बा."

"मग मॉट सोडून बाकीच्यांनी, असं लिहिलंय का मी तिच्यावर?"

तो हसायला लागला, मग माझं तोंड बघून थांबला. खिशातून गवताच्या गठ्ठ्यांची नारिंगी सुतळी काढून त्यानं दिली. मी स्वतः बांधली. एलेरी म्हणाली, मी धरते. मी दिली नाही.

आम्ही कुरणात शिरलो. जुन्या मेंढ्यांनी माना वर केल्या आणि आपोआप एका बाजूला गोळा झाल्या. एक लंगडी तेवढी फुटून ओढ्याकडे निघाली. मॉट थबकला. पोट गवताला लावलं, पुढचा एक पाय उचलला आणि माझ्याकडे बघत राहिला. माझे ओठ शिळेसाठी जुळलेच होते.

"चल," मी म्हटलं. "ती आपली नाही आता."

त्यानं पाय खाली ठेवला.

मागून येस्टिनची शीळ आली, त्याची तरणी कुत्री लंगडीकडे सुटली. मॉटचा एक कान तेवढा मागे वळला. आमच्या दोघांमधली सुतळी पार पलीकडच्या फाटकापर्यंत सैल, गवताला टेकत गेली.