वळण ज्याचं, शर्यत त्याची

संघात मला सगळे तोंडावर ताई म्हणतात आणि पाठीमागे जोतिषीणबाई. माझं काम असं की सायकलपटू सकाळी सुटले की मी गाडीने त्यांच्या आधी शेवटच्या गावात पोहोचायचं, रेषेपर्यंतचा रस्ता पायी तुडवायचा आणि आज शेवटची जोराची धाव, म्हणजे स्प्रिंट, कुठून सुटेल, कोण मारेल, हे फोनवर सांगायचं. अंदाज बरोबर आला की शाबासकी पायांना मिळते. चुकला की माझ्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. असो, सवय झाली आहे.

शर्यत बरेच दिवस चालते, रोज एक टप्पा. त्या दिवशी सपाट रस्त्याचा शेवटचा टप्पा होता. उद्यापासून डोंगर, आणि डोंगरात आमच्या संघाला कोणी विचारत नाही. आमचा जिंकणारा गडी म्हणजे तोफ. शेवटच्या क्षणी असा सुटतो की नाव सार्थ वाटतं. पण तोफ तिथपर्यंत ओढत कोण नेतं? माझा धाकटा भाऊ. संघात त्याला इंजिन म्हणतात. तो पुढे राहून वारा अंगावर घेतो, तोफ त्याच्या चाकामागे लपून येतो आणि रेषा जवळ आली की भाऊ बाजूला होतो. तोफ पुढे जातो, जिंकतो, त्याचा फोटो छापून येतो. आई टीव्हीवर बघते आणि दर वेळी मला फोन करून चिडते, “नेमका शेवटीच कुठे कडमडतो गं हा?”

भावाचा गुडघा कामातून गेला होता. ही शर्यत संपली की तो सायकल सोडणार होता, आणि या पेशात आल्यापासून त्याने एकही टप्पा जिंकला नव्हता. त्याला त्याचं काहीच वाटत नव्हतं. मला वाटत होतं. अगदी जिवाला लागलं होतं म्हणा ना.

गावात शिरताना कारखान्याच्या भिंतीकडेने लांबलचक सरळ रस्ता होता. मग चष्म्याच्या दुकानाशी काटकोनात वळण, पुढे अरुंद गल्ली आणि लगेच रेषा. वळणावर उभं राहिलं तर रेषेवरच्या कमानीची अक्षरं वाचता येत होती, इतकी ती जवळ. वर एका गॅलरीत चादरी वाळत घातल्या होत्या आणि त्या रेषेच्याच दिशेने फडफडत होत्या. म्हणजे वारा पाठीवरचा. वारा समोरून असला की पुढच्याची दमछाक होते आणि मागचा आयता येऊन ओलांडतो. पाठीवरचा असला की पुढच्याचं फावतं.

मी पुन्हा पुन्हा चालून बघितलं. वळणातून जो पहिला बाहेर पडेल, त्याला ओलांडायला जागाच नव्हती. वळणाशी पहिला कोण येणार? सरळ रस्त्यावर माझ्या भावाला मागे टाकणारा अजून जन्मायचाय. आणि तोफ? तो मागच्या आठवड्यात अशाच एका वळणावर आपटला होता. तेव्हापासून वळण आलं की त्याची बोटं ब्रेकवर जात. मी रोजची चित्रफीत डोळ्यांत तेल घालून बघते, म्हणून मला कळलं होतं. इतरांना कळलं नसेल, किंवा कळूनही त्यांनी तोंड उघडलं नसेल.

दोन अधिक दोन केले आणि उत्तर आलं, माझा भाऊ.

दुसऱ्या कोणाचा भाऊ असता तर मी लगेच फोन लावला असता. इथे चष्म्याच्या दुकानाच्या पायरीवर बसून राहिले. सांगावं तर बहिणीची माया म्हणतील, न सांगावं तर अंदाज खोटा दिल्यासारखं. शेवटी म्हटलं, गेले खड्ड्यात सगळे, आणि फोन लावला.

संघाचे प्रमुख म्हणजे काका. ते सायकलपटूंच्या मागच्या गाडीत बसतात. हातात रेडिओ, जिभेवर तिखट.

“बोला जोतिषीणबाई.”

“काका, आज तोफ जिंकत नाही.”

“मग कोण जिंकतंय?”

“आपलं इंजिन.”

काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. “वा! भावाचं घोडं दामटायला बरा मुहूर्त काढलास!”

“भाऊ नसता तरी हेच सांगितलं असतं. वळणावर तोफ ब्रेक दाबतो. विश्वास नसेल तर त्यालाच विचारा.”

“भर शर्यतीत त्याला विचारू, की बाबा रे, तू घाबरतोस का?”

“विचारा. रात्री जेवताना विचारून काय उपयोग?”

काका पुटपुटले, पण त्यांनी फोन रेडिओजवळ धरला आणि विचारलं. मी नखं खात बसले. मग धापा टाकत तोफेचा आवाज आला.

“ताई बरोबर बोलतेय. हात आपोआप जातो. मी वळणापर्यंत त्याच्या मागे राहतो. तिथे मी हळू झालो की मागचे सगळे माझ्या मागे अडकतील आणि तो सुटेल. जाऊ द्या त्याला.”

ज्याचं पोट जिंकण्यावर आहे, तो माणूस हे बोलत होता. समोर असता तर मी त्याचे पाय धरले असते. आणि आमचे बंधुराज?

“काहीतरीच काय! ताई, डोकं फिरलंय का तुझं? मी नुसता सोडायला जातो, जिंकायचं मला नाही जमत!”

“चूप,” काका म्हणाले. “सांगितलंय तेवढं कर.”

वळण संपतं तिथे, डाव्या बाजूच्या कठड्याशी मी जागा धरली. आधी हेलिकॉप्टरचा आवाज आला, मग मोटारसायकली, मग लोक कठडे बडवायला लागले. भिंतीकडेने रंगांचा लोंढा आला आणि त्याच्या तोंडाशी, मान खाली घालून, माझा भाऊ! मागे तोफ. त्याच्यामागे निळ्या संघाचे तिघे, दात ओठ खात.

वळण आलं. भाऊ असा कलला की गुडघा जमिनीला घासेल असं वाटलं. तोफेची बोटं हलली. तेवढंच! दोघांमध्ये फट पडली, मागे आरडाओरडा, ब्रेकचा कर्कश आवाज, आणि भाऊ एकटा गल्लीत सुटला. शब्द न् शब्द माझा खरा झाला! मी जागच्या जागी नाचले.

आणि त्या शहाण्याने मान वर केली, पाय थांबवले, मागे बघितलं आणि डावीकडे सरकून वाट दिली.

वर्षानुवर्षं तेच केलं होतं त्याने. ओढायचं, बघायचं, बाजूला व्हायचं. मी रस्त्याचा अंदाज घेतला, वाऱ्याचा घेतला, तोफेच्या बोटांचा घेतला. दारातसुद्धा आधी दुसऱ्याला जाऊ देणाऱ्या माझ्या सख्ख्या भावाचा घ्यायचा राहून गेला.

तो सरकत सरकत माझ्याच कठड्याशी आला. मी गळा फाटेस्तोवर ओरडले, “अरे गाढवा, मागे काय बघतोस! कोणी नाहीये! तूच आहेस, तूच!”

मागून तोफही बोंबलत होता, “जा! जा!”

भावाने मला बघितलं. चोरी पकडल्यासारखा दचकला. मग पेडलवर उभा राहिला आणि जीव खाऊन सुटला. तोवर तोफ आणि एक निळा त्याला येऊन भिडले होते. मला तिघांच्या पाठी दिसल्या, पुढचं काहीच दिसलं नाही.

ध्वनिक्षेपकावरून तोफेचं नाव गरजलं. तरी गर्दीतून कोपरं मारत पळाले. पळता पळता ध्वनिक्षेपक अडखळला, “थांबा, थांबा, रेषेवरचा फोटो बघतोय,” आणि मग त्याने माझ्या भावाचं नाव घेतलं. चुकीचं उच्चारलं. कधी घ्यावंच लागलं नव्हतं ना!

भाऊ हँडलवर डोकं टेकून उभा होता. कानात घणाघणा रक्त वाजत असणार, त्याला काही ऐकू गेलं नव्हतं.

“ताई, गेला ना तोफ पुढे?”

मी फक्त मान हलवली, नाही.

त्याचा चेहरा पडला. तेवढ्यात तोफ आला, तर हा त्याला म्हणतो, “माफ कर रे. मी बाजूला व्हायला चुकलो.”

“चुकलास म्हणून तर जिंकलास, मूर्खा!” तोफेने त्याला सायकलसकट मिठीत घेतलं.

भाऊ माझ्याकडे बघत राहिला. हसावं की रडावं, त्याला कळत नव्हतं. मी मात्र ओक्साबोक्शी रडत होते आणि मला त्याची जराही लाज वाटत नव्हती. आयोजकांचा माणूस त्याला बक्षिसासाठी बोलवायला आला. भाऊ निघाला आणि नेहमीसारखा आमच्या बसकडे चालू लागला. चार पावलांवर थांबला.

“ताई,” तो हळूच म्हणाला, “व्यासपीठ कुठल्या बाजूला असतं गं?”

मी त्याचा घामेजला हात धरला आणि त्याला घेऊन गेले.