अर्थिंगची पिन

"अ‍ॅम्पच्या सप्लायमध्ये विजेची गळती नाही," सुलक्षणा म्हणाली. "पुन्हा तपासलं. आणखी कितीदा तपासू तेवढं सांगा."

आनंद साहेब खुर्चीत नुसते चुळबुळले. पुण्याची नोकरी संपवून पानशेतच्या पाण्याकाठी हा बंगला बांधलेला सभ्य माणूस. पण सभ्य माणसाने हट्ट धरला की त्याच्याशी भांडताही येत नाही, आणि सुलक्षणाला तर भांडल्याशिवाय सुचत नसे.

भोरच्या एसटी स्टँडमागे तिचं दुकान होतं. मिक्सर आणि पंखे दुरुस्त करून पोट भरायचं आणि उरलेल्या वेळात व्हॉल्व्हचे, म्हणजे जुन्या पद्धतीच्या काचेच्या नळ्यांचे, स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर बांधायचे, हे तिचं वेड. लोक त्या काचेच्या लालसर उजेडावर भाळतात. तिचा जीव मात्र मागच्या बाजूच्या सप्लायमध्ये. भिंतीतली वीज घ्यायची, चारशे व्होल्टपर्यंत चढवायची आणि इतकी सपाट करायची की गाण्यात घरघर म्हणून मिसळता कामा नये. रविवारी पानशेतची सगळी हॉटेलं चालू झाली की व्होल्टेज बसतं, हे तिला लहानपणापासून ठाऊक. म्हणून आनंद साहेबांच्या या अ‍ॅम्पचा ट्रान्सफॉर्मर तिने स्वतः गुंडाळला होता, कमी व्होल्टेजलाही दम धरणारा. बटण बंद केल्यावर आत साठलेली वीज आपोआप उतरावी, याचीही सोय केली होती. आणि अ‍ॅम्पची लोखंडी पेटी प्लगच्या तिसऱ्या, अर्थिंगच्या पिनला पक्की जोडली होती. आत कधी काही फुटलंच, तर ते चारशे व्होल्ट माणसाच्या अंगात न शिरता जमिनीत जावेत.

त्याच पेटीला हात लावला की आता मुंग्या येत होत्या.

"माझ्या मित्राने उपाय सांगितलाय," आनंद साहेब म्हणाले. "अर्थिंगची पिन कापून टाकायची. काल दोन पिनांच्या सॉकेटवर लावून पाहिलं, मुंग्या गायब!"

"गायब होणारच. आणि उद्या आत तार जळली तर? पेटी काय तुम्हाला सांगून मारणार आहे?"

"अहो, सगळेच कापतात."

"कापू देत. माझ्या हातून कापली जाणार नाही."

"मग अ‍ॅम्प परत न्या," ते शांतपणे म्हणाले. "आणि कोणी विचारलं तर मी खरं तेच सांगणार. सुलक्षणाबाईंचा अ‍ॅम्प शॉक देतो."

हे मात्र तिला झोंबलं. व्हॉल्व्हवर गाणी ऐकणारी माणसं असून असून किती! एकमेकांना विचारल्याशिवाय ती खिळासुद्धा घेत नाहीत. एकदा हे नाव पडलं, की उरलेला जन्म मिक्सरची भांडी बसवण्यात जाणार.

तेवढ्यात चहाचं दूध काढायला बनाबाई फ्रिजकडे वळली. ती बंगल्यावर कामाला होती. तिने खांद्यावरचं फडकं दांडीला गुंडाळलं आणि मग दार ओढलं.

"बनाबाई, फडकं कशाला?"

"उघड्या हातानं धरलं की चावतंय, ताई. लई दिस झालं. म्या तर हितं पायातली चप्पल बी काढत न्हाई."

"अगं, मग सांगितलं का नाहीस?" आनंद साहेब दचकले.

"मला वाटलं, तुमास्नी ठाव आसंल."

सुलक्षणाचं डोकं सणकलं. कंपनीच्या फ्रिजला फडकं, आणि तिच्या अ‍ॅम्पची बदनामी! व्होल्ट मोजायच्या मीटरची एक तार तिने सॉकेटच्या अर्थिंगला लावली आणि दुसरी खिडकीबाहेरच्या ओल्या मातीत खोचली. काटा उसळला. जी वायर वीज जमिनीत न्यायची, तीच जमिनीतली वीज घरात आणत होती.

ती तडक कुंपणाशी गेली. बंगल्याच्या अर्थिंगचा खड्डा तिथेच होता, आणि पलीकडे हातभर अंतरावर कुंडलिकमामाच्या हॉटेलाचं नवं स्वयंपाकघर. तिचा सख्खा मामा. त्याच्या फ्रीझरमधून एक वायर निघून जमिनीत ठोकलेल्या सळईला बांधली होती. न्यूट्रलची तार तुटली की गावात कोणी ना कोणी हे करतंच. वीज तारेने आणायची आणि परत पाठवायला जमीन वापरायची. तात्पुरतं म्हणून करतात आणि विसरून जातात.

मामा गल्ल्यावर बसला होता. हॉटेल पुण्याच्या माणसांनी गच्च भरलेलं.

"मामा, फ्रीझरची ती जमिनीतली वायर काढा."

"आता? ऐन जेवणाच्या टायमाला? न्यूट्रल तुटलीया. गर्दी सरली की करू."

"शेजारच्या घरात करंट जातोय. बनाबाईला फ्रिज धरवत न्हाई. उद्या तुमचाच पोरगा ओल्या हातानं चिकटंल."

"आगं, साहेब बोललं मला. त्यांची पिन काप आन मोकळी हो. त्यांना तुझं नाव कुणी सांगितलं? म्याच न्हवं? तुझ्या बापानं हात वर केलं तवा डिप्लोमाला कुणी घातली तुला?"

सगळं खरं होतं. सुलक्षणाचे डोळे भरून आले आणि त्याचाच तिला राग आला.

"तुमीच घातलंत, मामा. म्हणूनच तर मला हे दिसतंय."

आणि ती भिंतीशी गेली आणि मेन स्विच खाली ओढला. पंखे थांबले, मिक्सर थांबला, टेबलांवरून आरडाओरडा सुरू झाला.

"चालू कर!" मामा ओरडला.

"वायरमनला बोलवा. तवर मी हितनं हलत न्हाई."

कुंपणापलीकडून आनंद साहेबांची हाक आली. "सुलक्षणाबाई! मुंग्या थांबल्या! पेटीला हात लावून बघितलं!"

तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही. मामा समोर येऊन उभा होता, लालबुंद. लहानपणी यात्रेत ज्याच्या खांद्यावर बसून तिने अख्खं गाव पाहिलं, तोच हा माणूस.

"माझ्या दारात पुन्यांदा पाऊल टाकू नगंस," तो म्हणाला.

"न्हाई टाकणार," सुलक्षणा म्हणाली आणि स्विचला पाठ लावून उभी राहिली. "पर आदी ती वायर काढा. मंग हाकला मला."