बाकी काहीही असेल तर

बहिणीचा फोन आला तेव्हा फळाकाका जेवणाचा डबा उघडत होते.

"दादा, हे आले बरं का. मोबाइलच्या पानावर आत्ताच बघितलं, सत्तेचाळीस नंबरची बोट सुखरूप पोहोचली म्हणून. मी कोरडे कपडे घेऊन धक्क्यावर निघालेय."

काका बरं म्हणाले आणि सवयीने त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. धक्क्यावर सत्तेचाळीस नंबरची जागा रिकामी होती.

बंदराच्या कचेरीत काकांनी बावीस वर्षं खडूने फळ्यावर बोटींची नोंद केली होती, त्यावरून हे नाव पडलं. नवखी माणसं फळांचा भाव विचारत, आणि काका तोंड वाकडं न करता केळी संपल्याचं सांगत. फळा गेला तेव्हा त्यांच्या वयाचे बाकीचे निवृत्तीचे दिवस मोजायला लागले. हा गृहस्थ मात्र बावन्नाव्या वर्षी प्रोग्रॅमिंग शिकायला बसला, तेही रस्ट नावाच्या भाषेत, कारण कचेरीची नवी यंत्रणा रस्टमध्ये होती. वर्षभर डोकं आपटून त्यांनी बोटींचं वेबपान उभं केलं. एचटीएमएलचे टेम्प्लेट, म्हणजे कोऱ्या जागा ठेवलेले साचे, त्यांनी स्वतः लिहिले. त्या जागांत बोटीचा नंबर, वेळ, ठिकाण आणि स्थिती प्रोग्रॅम भरत असे. घरोघरी बायका-मुलं मोबाइलवर ते पान बघून चुलीवर भात चढवत.

रस्टचा कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम तपासून मगच चालता करणारा, हा खाष्ट हेडमास्तर. टेम्प्लेटात एक नाव चुकलं, एखादी शक्यता लिहायची राहिली, की पान बनूच देत नसे. कचेरीत सगळे त्याला शिव्या घालत, काकांचा मात्र त्याच्यावर जीव होता. तो गप्प बसला की काम चोख झालं असं समजावं, असं ते येईल त्याला सांगत.

काकांनी पुन्हा खिडकीबाहेर पाहिलं. मग डबा तसाच टाकून ते जिना चढून रेडिओच्या खोलीत गेले. रेडिओबाईंना त्यांनी सत्तेचाळीस नंबर कुठे लागली एवढंच विचारलं.

"लागली? काका, साडेदहालाच संपर्क तुटलाय तिचा. मी लगेच तशी नोंद केली. शोधबोटीलाही फोन केला. ती गेलीये ना?"

दोघांनी एकदमच खिडकीतून खाली पाहिलं. शोधबोट धक्क्याला बांधलेली होती आणि तिच्यावरची माणसं निवांत डेक धूत होती. बाईंनी शोधबोटीच्या कप्तानाला फोन लावला. तो निघाला होता, पार बंदराच्या तोंडापर्यंत गेला होता. नेमकी जागा बघावी म्हणून त्याने पान उघडलं, तर तिथे सुखरूप पोहोचली असं लिहिलेलं. आली असेल, म्हणून तो वळला होता. घड्याळात पाऊण वाजत आला होता.

शोधबोट सुटल्याचा भोंगा ऐकत काका खाली आले आणि त्यांनी टेम्प्लेट उघडला. काही शोधावं लागलंच नाही, ती ओळ समोरच होती. सुरुवातीला बोटीच्या स्थिती पाचच होत्या. निघाली, समुद्रात, परतीवर, बिघाड होऊन थांबली, या चारींची वाक्यं त्यांनी एकेक करून लिहिली. पाचवी, पोहोचली, एकटीच उरली, तिच्यासाठी कशाला वेगळी ओळ, म्हणून त्यांनी लिहून टाकलं होतं: बाकी काहीही असेल तर, सुखरूप पोहोचली. गेल्या महिन्यात बाईंच्या सांगण्यावरून त्यांनी यादीत सहावी स्थिती वाढवली, संपर्क तुटला. कंपायलर हूं की चूं बोलला नाही. कसा बोलणार? बाकी काहीही असलं तरी सुखरूप, हे काकांनीच त्याला सांगून ठेवलं होतं. फळ्यावर हे झालंच नसतं. जे ठाऊक नसे त्याची जागा काका कोरी ठेवत, आणि कोरी जागा दिसली की माणसं धावत वर येऊन विचारत.

टेम्प्लेट तसाच सोडून काका उठले, कारण बहीण धक्क्यावर एकटी उभी होती. तिच्याशेजारी ते तीन तास उभे राहिले. तिला एवढंच सांगितलं की पान चुकलंय, बोट आलेली नाही, शोध चालू आहे. पुढचं सांगायची त्यांची छाती झाली नाही, आणि त्याची त्यांना मरणाची लाज वाटत होती.

चारच्या सुमारास शोधबोट परतली. कांबळ्यांत गुंडाळलेले तिघे उतरले. चौथा, इंजिनवाला, काकांचा मेहुणा, त्यांच्यात नव्हता. म्हातारा सुकाणूवाला बहिणीसमोर येऊन उभा राहिला.

"बारा वाजेपर्यंत बोलत होता गं पोरी. एकाच फळीला धरून होतो चौघं. आम्हाला म्हणायचा, दम धरा, पानावर आलं असेल आपलं, दादांनी केलेलं पान आहे ते, बोट येईलच."

बहीण कोरडे कपडे मांडीवर घेऊन खाली बसली. जमलेल्यांना कुणावर तरी राग काढायचा होता, आणि रेडिओबाई समोरच रडत उभ्या होत्या. बाईंनी वेळेवर कळवलं नाही, असं कुणी तरी मोठ्याने म्हणालं, आणि चार जणांनी री ओढली.

"बाईंनी दहा मिनिटांत कळवलं होतं," काका म्हणाले. "माझ्या पानाने खोटं सांगितलं. ती ओळ मी लिहिली. कप्तान वाटेतून वळला तो ते वाचून."

बहिणीने मान वर करून भावाकडे बघितलं.

"अजून तेच आहे त्यावर?"

काकांनी होकाराने मान हलवली.

"मग ते आधी काढ, दादा. सासूबाई मोबाइल धरून बसल्यात. आलाय म्हणतात, मग दारात का दिसत नाही."

काका कचेरीत गेले. ती ओळ तीन टेम्प्लेटांत होती: मोबाइलच्या पानात, धक्क्यावरच्या पडद्यात आणि कचेरीच्या यादीत. तिन्हींतून त्यांनी ती खोडली आणि एकेका स्थितीपुढे तिचं तिचं वाक्य लिहिलं. मग यादीत एक सातवी स्थिती वाढवली, जी इतक्या वर्षांत कुणाला सुचली नव्हती, किंवा सुचूनही कुणी बोललं नव्हतं. 'बाकी काहीही' आता उरलं नव्हतं, म्हणून या वेळी कंपायलर अडला. तीन ठिकाणी लाल अक्षरांत त्याने सांगितलं, या स्थितीसाठी इथे काही लिहिलेलं नाही.

एकदा लिहून दोनदा चिकटवता आलं असतं. काकांनी तीनही ठिकाणी एकेक अक्षर दाबत लिहिलं: तिघे परतले. एक परतला नाही.